रंगाआधी बॉस : कोल्हापुरातील एका स्टिअरिंग कार्यशाळेचे परीक्षण

जुन्या गाडीचे स्टिअरिंग बदलायचे किंवा दुरुस्त करायचे म्हटले की बहुतेक दुकानांत पहिला प्रश्न रंगाचा येतो. लेदर काळे हवे की तपकिरी, शिलाई लाल हवी की पांढरी, यापुढे बोलणे सरकत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या कार्यशाळेबद्दल मी लिहीत आहे, तिथे पहिला प्रश्न ‘पॉवर स्टिअरिंग आहे का?’ असा होता आणि दुसरा ‘एअरबॅग आहे का?’ असा. काम इथेच द्यायचे, हे माझे त्याच वेळी जवळजवळ ठरले. कार्यशाळा दोन भागीदारांची आहे. एक मूळचे टर्नर, म्हणजे लेथवर धातूकाम करणारे, दुसरे सीट आणि हूड शिवणारे कारागीर. हातातली कामेच वेळेत पुरी होत नाहीत, तेव्हा नाव छापू नका, अशी त्यांची विनंती असल्याने ते इथे देत नाही. उद्यमनगरात जुन्या जिप्सीवाल्यांकडे चौकशी केली तर पत्ता सहज मिळतो.

मी त्यांच्याकडून दोन कामे करून घेतली. माझ्या मारुती जिप्सीला बाहेरचे स्टिअरिंग बसवायचे होते आणि मामांच्या प्रीमियर पद्मिनीचे मूळ स्टिअरिंग, जसे होते तसे, पुन्हा उभे करायचे होते. वरवर दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात, पण त्यांना लागणारे कौशल्य वेगळे आहे आणि धोकाही वेगळा आहे.

आधी जिप्सी. १९८५ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, पुढे सलग एक्सल आहे आणि स्टिअरिंगची पेटी जुन्या पद्धतीची, आत पोलादी गोळ्या फिरणारी आहे. माझ्या डोक्यात ३५० मिलिमीटर व्यासाचे, खोलगट बशीसारखे स्टिअरिंग होते, कारण रॅलीच्या गाड्यांत तसे दिसते. टर्नर भागीदारांनी ते हातात दिले, गाडी जागेवर उभी असताना मूळचे मोठे स्टिअरिंग पूर्ण वळवून बघायला सांगितले आणि म्हणाले, “साडेतीनशेचं लावून देतो की साहेब, पण शाहूपुरीच्या गल्लीत गाडी लावताना हात भरून येतील, मग आमच्या नावानं बोलू नका.” हिशेब साधा आहे. स्टिअरिंग ज्या दांड्यावर बसते त्या शाफ्टला पिळण्यासाठी लागणारा जोर ठरलेला असतो. व्यास कमी झाला की तोच जोर आखूड अंतरावरून लावावा लागतो. ३८० ऐवजी ३५० मिलिमीटरचे स्टिअरिंग घेतले तर हाताला सुमारे साडेआठ टक्के अधिक ताकद लावावी लागते, आणि ही वाढ नेमकी उभ्या गाडीत, म्हणजे जिथे आधीच जड असते तिथे, जाणवते. शेवटी ३८० मिलिमीटरचे, कमी खोलीचे आणि मूळच्यापेक्षा जाड पकडीचे स्टिअरिंग ठरले. रिम जाड असली की बोटे आवळून धरावी लागत नाहीत, त्यामुळे व्यास फारसा कमी न करताही गाडी हाताला हलकी वाटते, हा त्यांचा सल्ला पुढे खरा ठरला.

बाहेरचे स्टिअरिंग थेट शाफ्टवर बसत नाही. दोघांच्या मध्ये एक जोडतुकडा लागतो, ज्याला सगळे बॉस किंवा बॉस किट म्हणतात. त्याच्या एका तोंडाला शाफ्टच्या खाचांशी जुळणाऱ्या खाचा असतात आणि दुसऱ्या तोंडाला सहा बोल्टची भोके. ही भोके ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास सर्व कंपन्यांत सारखा नसतो. १९६४ साली सुरू झालेल्या मोमो या इटालियन कंपनीच्या स्टिअरिंगमध्ये तो ७० मिलिमीटर असतो, तर नार्डीच्या स्टिअरिंगमध्ये ७४. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच काही ठिकाणी भोके कानस मारून लांबट केली जातात व बोल्ट कसेबसे आत घातले जातात. या कार्यशाळेत भिंतीवर दोन्ही मापांचे पत्र्याचे साचे टांगलेले आहेत आणि कोणतेही स्टिअरिंग टेबलावर आले की आधी साचा लावला जातो.

त्याहून महत्त्वाचा भाग खाचांचा. भंगारातल्या मूळ स्टिअरिंगचा मधला गोळा कापायचा, त्यावर पाइपचा तुकडा वेल्ड करायचा आणि वरून काळा रंग मारून तो बॉस म्हणून विकायचा, ही पद्धत बाजारात सर्रास दिसते. अशा जोडावर चालकाचा सारा भरवसा टिकलेला असतो, आणि वेल्डिंग आतून कितपत धरले आहे हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. इथे बॉस एकाच अखंड तुकड्यातून लेथवर काढतात आणि आतल्या खाचा शेजारच्या कारखान्यातून ब्रोचिंग करून, म्हणजे दातेरी हत्यार भोकातून ओढून कापून, आणतात. उद्यमनगरात हे काम हाकेच्या अंतरावर होते, म्हणूनच ते परवडते. तयार बॉस शाफ्टवर हाताने सरकवून त्यांनी मला तो आडवा हलवून बघायला लावला. तसूभरही खेळ नव्हता.

बॉसची उंची त्यांनी कशी ठरवली, ते जरा सविस्तर सांगायला हवे. बाजारातील तयार बॉस सर्वसाधारण मापाचे असतात आणि त्यावर खोलगट स्टिअरिंग चढवले की रिम चालकाच्या छातीकडे बरीच पुढे येते. दिसायला रुबाबदार, पण इंडिकेटरची दांडी बोटांपासून दूर जाते आणि ती हलवण्यासाठी रिमवरचा हात सोडावा लागतो. अपघातात छाती आणि स्टिअरिंग यांच्यामधले अंतर घटते, ते वेगळेच. टर्नर भागीदारांनी मूळ स्टिअरिंग काढण्याआधीच इंडिकेटरच्या दांडीपासून रिमपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजून खडूने डॅशबोर्डवर लिहून ठेवले होते. नव्या स्टिअरिंगची खोली त्यातून वजा करून बॉसची उंची काढली. परिणाम असा की रिम मूळ जागीच आहे आणि मधले बोट न ताणता दांडीपर्यंत पोहोचते.

बसवण्याची पद्धतही पाहण्यासारखी होती. पुढची चाके सरळ करून गाडी थोडी पुढे-मागे चालवून घेतली, शाफ्टवर आणि जुन्या स्टिअरिंगवर रंगाची खूण केली, नट सैल केला पण काही आटे शिल्लक ठेवले, आणि मग स्टिअरिंग ओढून काढणारे हत्यार, म्हणजे पुलर, लावला. नट पूर्ण काढून दोन्ही हातांनी स्टिअरिंग हिसडणारे फिटर मी पाहिले आहेत. ते निसटते तेव्हा थेट तोंडावर येते. शाफ्टवर हातोडा एकदाही पडला नाही, कारण ते ठोके खालच्या बेअरिंगला आणि शाफ्टभोवतीच्या नळीला, म्हणजे कॉलमला, सोसावे लागतात.

नवे स्टिअरिंग बसल्यावर ते सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे झुकलेले राहिले. खाच बदलून असा फरक नेहमी निघत नाही. ३६ खाचा असतील तर एका खाचेने स्टिअरिंग १० अंश फिरते, आणि फरक त्याहून कमी असला तर खाच बदलून ते दुसरीकडे झुकते. जिप्सीत स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक कमी-जास्त करून हा उरलेला फरक काढता येतो आणि त्यामुळे दोन चाकांमधील टो, म्हणजे ती एकमेकांकडे किती कललेली असतात ते माप, बिघडत नाही. त्यांनी तेच केले. अन्यथा स्टिअरिंग सरळ दिसावे म्हणून पेटी मधल्या जागेवरून हलवली जाते, आणि ज्या जागी पेटीचा प्ले (मोकळा खेळ) सर्वांत कमी ठेवलेला असतो, ती जागा सरळ रस्त्यावर वापरलीच जात नाही. मग गाडी हायवेवर तरंगते आणि मालक टायरला दोष देत बसतो.

हॉर्नसाठी बॉसच्या मागे तांब्याची कडी असते आणि तिला कॉलममधला स्प्रिंगचा संपर्क घासत राहतो. ही कडी नेमकी एककेंद्री नसेल तर हॉर्न सरळ रस्त्यात वाजतो आणि वळणावर, म्हणजे घाटात जिथे हवा तिथे, गप्प बसतो. त्यांनी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत हॉर्न सतत दाबून धरला. आजूबाजूच्या कारखान्यांतून शिव्या आल्या, पण आवाज कुठेही तुटला नाही. वळल्यानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो की नाही हेही दोन्ही बाजूंनी पाहिले. सहा बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, मधला नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळला आणि नट व शाफ्ट यांच्यावरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला असे समजायचे आणि गाडी परत आणायची. पन्हाळ्याच्या घाटात आणि शिये फाट्याकडच्या खडबडीत रस्त्यावर चालवून झाल्यावरही ती रेघ अखंड आहे.

पद्मिनीचे काम अधिक संथ आणि माझ्या मते अधिक देखणे झाले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचे स्टिअरिंग पातळ रिमचे आणि मोठ्या व्यासाचे असते. आत पोलादी सळई आणि तिच्याभोवती कडक प्लास्टिक. उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत प्लास्टिक आक्रसते, सळई मात्र तशीच राहते, त्यामुळे रिमला आडव्या भेगा पडतात, विशेषतः आरे रिमला मिळतात तिथे. नुसती भेग बुजवून रंग दिला तर पहिल्या उन्हाळ्यातच ती पुन्हा उघडते. इथे प्रत्येक भेग आधी इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करून सळईपर्यंत उघडली, सळईवरचा गंज काढला, मग इपॉक्सी पुटी भरून ती पूर्ण कडक होऊ दिली, आणि त्यानंतर पाण्याच्या पॉलिश कागदाने घासत रिमच्या मागच्या बाजूचे बोटांसाठीचे उंचवटे हाताने पुन्हा घडवले. त्या उंचवट्यांतच कामाची पारख होते. बोट फिरवताना जुना भाग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, हे मला सापडले नाही. रंग मात्र मूळच्यापेक्षा थोडा अधिक चमकदार आला आहे, आणि मामांनी ते पाहताक्षणी बोलून दाखवले.

लेदरबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कोल्हापूर म्हटल्यावर अनेकांना वाटते की चपलांसाठीचेच चामडे इथे स्टिअरिंगला लावत असतील. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते चामडे टिकाऊ असले तरी जाड आणि ताठ असते. रिमच्या आतल्या वळणावर ते सुरकुत्या धरते. कार्यशाळेत त्यासाठी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले मऊ, पातळ क्रोम चामडे वापरतात. ते चार तुकड्यांत कापून, रिमवर ओलसर ताणून, दोन सुयांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी शिवतात. शिवण रिमच्या आतल्या कडेला येते, तळव्याखाली येत नाही. गोंदाचा वापर त्यांनी फक्त आऱ्यांजवळ केला.

एअरबॅगच्या गाड्यांबाबत त्यांचे धोरण सरळ आहे: स्टिअरिंग बदलून मिळणार नाही. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे गेल्या काही वर्षांतली जवळजवळ प्रत्येक गाडी या नकारात मोडते. मी तिथे असताना एक तरुण नव्या हॅचबॅकसाठी सपाट तळाचे स्टिअरिंग मागायला आला होता. त्याला रिमवर लेदर शिवून देऊ म्हणाले, तेही मधल्या पॅडला हात न लावता. कारण पॅडच्या आत गॅस तयार करणारा भाग असतो, तो सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात पिशवी फुगवतो, आणि मागे गुंडाळलेली चपटी केबल मध्यबिंदूवरून हलली तर पुढच्या पूर्ण वळणावर तुटते. मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात पिशवी उघडेलच असे सांगता येत नाही. तरुण वैतागून निघून गेला. गिऱ्हाईक परत पाठवण्याची ही तयारी मला त्यांच्या शिवणकामापेक्षाही मोलाची वाटते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे त्यांचा बॉस धडकेत दबत नाही. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास दबणारे कॉलम आले आणि तेव्हापासून, समोरून धडक बसली की स्टिअरिंगने चालकाच्या छातीत घुसू नये, हा रचनेचा मूलभूत नियम झाला. नामांकित कंपन्यांच्या बॉसमध्येही त्यासाठी पातळ, चुरगळणारा भाग ठेवलेला असतो. इथे मागणी केली तर भिंत पातळ करून भोके पाडून देतात, पण तशा तुकड्याची कोणतीही चाचणी झालेली नाही आणि किती जोराला तो दबेल हे कोणी सांगू शकत नाही. मी भरीव बॉस घेतला आणि जिप्सी आता मुख्यतः गावाजवळच्या रस्त्यांवर, कमी वेगात चालवतो. रोज पुणे-बंगळूर महामार्गावर जाणाऱ्याने असे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने मूळ स्टिअरिंगचा सांगाडा ठेवून त्यावरच जाड पकड आणि लेदर करून घ्यावे.

दुसरी उणीव कागदाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली आहे. बाहेरचे स्टिअरिंग बसवण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, हे कार्यशाळेने गिऱ्हाइकाला सांगायला हवे. ते सांगत नाहीत. विचारले तेव्हा “आजवर कुणी अडवलं नाही” एवढेच उत्तर मिळाले, आणि एरवी इतक्या काटेकोर माणसांकडून ते अपेक्षित नव्हते.

बिल साध्या पावतीवर मिळते, त्यावर बॉसच्या धातूचा किंवा मापांचा उल्लेख नसतो; मागितल्यावर त्यांनी मागच्या बाजूला हाताने लिहून दिले. बॉस, बसवणे आणि ड्रॅग लिंकचे काम मिळून दर मुंबई-पुण्यातल्या तयार किटच्या आसपासच पडतो, लेदरचा खर्च वेगळा. पद्मिनीच्या रिमला मात्र मजुरी जास्त आहे आणि पुटी वाळण्याच्या वेळेमुळे पावसाळ्यात ते काम घेतच नाहीत. जाताना जुन्या स्टिअरिंगचा हॉर्न पॅड, स्प्रिंग आणि स्क्रू हरवू न देता सोबत न्यावेत, आणि सोमवारी कार्यशाळा बंद असते.