४३ इंची टीव्ही की ३२ इंची मॉनिटर: देवनागरी मजकुरासाठी काही महिने वापरल्यानंतर

आमचं काम अक्षरांचं आहे. फोंड्याला घरीच पानं लावतो: देवस्थानांच्या स्मरणिका, नाटकांच्या कार्यक्रमपत्रिका, शाळांची वार्षिकं, अधूनमधून एखादं पुस्तक. मराठी आणि कोकणी, दोन्ही देवनागरीत. उन्हाळ्यापासून एका टेबलावर ४३ इंची फोरके टीव्ही आणि शेजारच्या टेबलावर ३२ इंची फोरके मॉनिटर आहे. टीव्हीवर मी, मॉनिटरवर धाकटा भाऊ, आणि मधूनमधून जागा बदलून. पावसाळा आणि चवथीची धावपळ दोन्ही पडद्यांवरच निघाली.

पिक्सेल दोन्हींवर सारखेच, ३८४० गुणिले २१६०. फरक दाटीचा. ३२ इंचात दर इंचाला सुमारे १३८ पिक्सेल बसतात, ४३ इंचात १०२, आणि ५५ इंची टीव्ही घेतलात तर फक्त ८०. इंग्रजी मजकुराला १०२ पुरतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांट्या आणि खाली उकार, सगळं एका ओळीत मावायचं असतं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक १० पॉइंटच्या मजकुरात मॉनिटरवर एका नजरेत दिसतो. टीव्हीवर पान मोठं करून खात्री करावी लागते. मुद्रितशोधन हेच मुख्य काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मॉनिटर घ्या.

टीव्हीची खरी परीक्षा लाल अक्षरांत होते. आम्ही दुरुस्त्या लाल रंगात करतो. टीव्ही जोडल्यावर काळा मजकूर ठीक दिसत होता, पण लाल अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या. भाऊ म्हणाला, “दादा, हीच फाईल माझ्याकडे स्वच्छ दिसते.” कारण असं, की चित्रपटांच्या सवयीने बरेच टीव्ही उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात ते जाणवत नाही, अक्षरांत लगेच जाणवतं. संगणकासाठी पूर्ण ४:४:४ हवं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असं नाव किंवा चिन्ह दिलं की ते सुरू होतं. ६० हर्ट्‌झवर (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) फोरके आणि ४:४:४ हे दोन्ही मिळायला एचडीएमआय २.० लागतं, जुन्या १.४ वर फोरके ३० हर्ट्‌झलाच अडकतं आणि माउसचा बाण अडखळत चालतो. डिस्प्लेपोर्ट हा मॉनिटरला असणारा दुसरा जोड टीव्हीला सहसा नसतोच, म्हणून संगणकाच्या बाजूचं एचडीएमआयही आधी तपासा.

त्यानंतर शार्पनेस. टीव्हीवर तो मुद्दाम वाढवून ठेवलेला असतो आणि प्रत्येक अक्षराभोवती पांढरी कड उमटते. ती कड जाईपर्यंत खाली आणायचा. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारी सोय बंद, चित्र कडेने कापणारा ओव्हरस्कॅन बंद. काही टीव्ही पॅनेलमध्ये लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो, त्याने अक्षरांना रंगीत झालर येते. विंडोजमध्ये क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरांच्या कडा नितळ करणाऱ्या सोयीची, जुळवणी केली की बरीच कमी होते. एवढं सगळं केल्यावर आमचा टीव्ही कामाचा झाला. मॉनिटरला यातलं जवळजवळ काहीच करावं लागलं नाही.

मग टीव्ही ठेवला कशासाठी? पानांसाठी. पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ उंच आहे. ए-फोरच्या स्मरणिकेची समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात ४२ सेंटिमीटर घेतात, म्हणजे अशा दोन जोड्या शेजारी-शेजारी उघड्या राहतात. जाहिरातींची पानं हलवताना हे सुख फार मोठं आहे, आणि एकदा सवय झाली की सोडवत नाही. ३२ इंचावर एकच जोडी बसते, वर अक्षरं वाचण्याजोगी ठेवायला भाऊ स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण, १५० टक्क्यांवर ठेवतो, त्यामुळे जागा २५६० गुणिले १४४० एवढीच उरते.

पण टेबल खोल हवं. साठ सेंटिमीटरवर बसलात तर कोपरे बघायला मान फिरते, आणि व्हीए पॅनेल (पडद्याचा एक प्रकार) असेल तर कडेचे रंग फिके दिसतात. मी टीव्ही भिंतीवर टांगला आणि टेबल पुढे ओढलं, आता मीटरभर अंतर आहे. टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात आणि उंची बदलत नाही, तेव्हा भिंतीचा विचार आधीच करून ठेवावा. भाऊ मात्र मॉनिटर हाताने वरखाली करतो.

गोव्यातल्या पावसात आणखी एक फरक कळला. फांदी तारेवर पडली की वीज जाते, परत येते, पुन्हा जाते. मॉनिटर संगणकाबरोबर झोपतो आणि त्याच्याबरोबर उठतो. आमच्या टीव्हीला दर वेळी रिमोट लागतो, आणि संगणक झोपला तरी तो ‘सिग्नल नाही’ दाखवत जागाच राहतो. पडदाही यूपीएसवरच घ्या, नाहीतर संगणक चालू आणि समोर अंधार, फाईल जतन कुठून करणार? दमट महिन्यांत दोन्ही पडदे रोज थोडा वेळ तरी चालू ठेवतो. प्लास्टिकने झाकून ठेवत नाही, आत ओल कोंडते.

किमतीचं म्हणाल तर त्याच पैशांत टीव्ही मोठा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे ते अंतर आणखी जाणवतं. तरी पडदा एकच घ्यायचा असता, तर आमच्या कामासाठी मी मॉनिटरच घेतला असता.

टीव्हीच घेणार असाल तर दुकानात लॅपटॉप आणि स्वतःची एचडीएमआय केबल घेऊन जा. एका पानावर १० पॉइंटमध्ये जोडाक्षरांचा मजकूर टाका: एक परिच्छेद पांढऱ्यावर काळा, एक पांढऱ्यावर लाल, एक काळ्यावर निळा. इनपुटला ‘पीसी’ नाव द्यायला लावा आणि टेबलाएवढ्या अंतरावरून वाचा. लाल आणि निळा काळ्याइतकेच स्वच्छ दिसले तर पैसे द्या. लॅपटॉप जोडू देत नसतील तर दुसऱ्या दुकानात जा.