घोडबंदर रोडवरचं सीफूड हॉटेल: जेवण झकास, बिल मात्र नीट बघा

सुरमई थाळी एक नंबर, सोलकढी ताजी, आणि वाढणारे दादा इतक्या आपुलकीने विचारतात की पोट भरलं तरी अजून एक भाकरी घ्यावीशी वाटते. पण बिलात १०% सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला, हे मला अजिबात पटलं नाही. २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या गाइडलाइन्सप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं. मॅनेजरने तोंड वाकडं केलं पण काढला. तुम्हीही सरळ सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ नंबरची ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

राहिली टिप. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या वेटरसारख्या कामगारांचा केंद्रीय किमान पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरच आहे, म्हणून तिकडे १५-२० टक्के टिप म्हणजे त्यांचा पगारच झाला, आणि जपानमध्ये तर टिपची पद्धतच नाही. आपल्याकडे बडीशेपच्या वाटीत खुशीने ठेवतो तीच टिप, म्हणून मी दादांच्या हातातच दिली, चार्जमधलं त्यांच्यापर्यंत किती पोचतं काय माहीत. रविवारी जाणार असाल तर एकच्या आत पोचा, नंतर खूप वेटिंग असतं.