एक्झिट नोडसाठी होस्टिंग घेताना तक्रार विभाग पाहावा

गेली दोन वर्षे मी देवगडहून टॉर या इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या जाळ्याचा एक एक्झिट नोड, म्हणजे वाहतूक बाहेर सोडणारा शेवटचा सर्व्हर, चालवतो. सर्व्हर घरी नाही. तो युरोपातील एका लहान होस्टिंग कंपनीकडून भाड्याने घेतला आहे. एकाच कंपनीकडे एक्झिटची गर्दी होणे टॉरच्या हिताचे नसल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

टॉरची वाहतूक साधारणतः तीन रिलेंमधून, म्हणजे ती पुढे धाडणाऱ्या सर्व्हरांमधून, जाते आणि समोरच्या संकेतस्थळाला फक्त शेवटच्या रिलेचा, म्हणजे एक्झिटचा, आयपी पत्ता दिसतो. त्यामुळे कोणा अनोळखी माणसाच्या आगळिकीचा ठपका आधी त्या पत्त्यावर बसतो आणि तक्रार होस्टिंग कंपनीकडे जाते. माझ्या आधीच्या कंपनीने तर आपोआप आलेली पहिलीच तक्रार पाहून, मला एका शब्दानेही न विचारता, सर्व्हर बंद केला होता.

आताच्या कंपनीला मी एक्झिट चालवणार असल्याचे आधीच लेखी कळवले होते. त्यांनी दोनच अटी घातल्या: रिव्हर्स डीएनएसच्या, म्हणजे आयपी पत्त्यावरून शोधता येणाऱ्या, नावावरून टॉर एक्झिट ओळखू यावा आणि प्रत्येक तक्रारीला २४ तासांत उत्तर मिळावे. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर रात्र रात्र वीज नसते, तेव्हा या २४ तासांचे मोल कळते. मागच्या जुलैत अशाच एका रात्री, आमच्या पत्त्यावरून कोणाच्या तरी सर्व्हरवर एसएसएचचे (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सोयीचे) पासवर्ड सतत आजमावले जात असल्याचे तक्रारीचे तिकीट कंपनीकडून आले. मोबाइलची बॅटरी नऊ टक्के उरली होती. हा टॉर एक्झिट आहे, येथे कोण काय पाहतो याची नोंद ठेवली जात नाही, त्या दिवशी हा पत्ता रिले होता हे टॉर प्रकल्पाच्या एक्झोनेराटॉर सेवेवर पडताळता येईल आणि तक्रारदाराच्या सर्व्हरकडे जाणारी वाट मी एक्झिट पॉलिसीत (वाहतूक कुठे जाऊ द्यायची याच्या नियमांत) बंद करतो, एवढे लिहून पाठवले. सकाळी वीज आल्यावर पाहिले, तर तिकीट निकाली निघाले होते आणि खाली कोणीतरी स्वतः टाइप केलेली ओळ होती: ‘तक्रारदाराला समजावले आहे.’ त्यानंतर मी एसएसएचचा पोर्ट (सेवेचे क्रमांकित दार) २२ सर्वांसाठीच बंद केला. ईमेलचा पोर्ट २५ टॉरच्या मूळ पॉलिसीतच बंद असतो. तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या.

एक उणीव मात्र सांगायला हवी. कधी कधी ते मूळ तक्रारीऐवजी नुसता सारांश धाडतात. त्यात तारीख नसेल तर पडताळणी होत नाही आणि पोर्ट नसेल तर नेमके काय बंद करावे ते कळत नाही. गेल्या महिन्यात असाच सारांश आला तेव्हा मी मूळ मजकूर मागितला. तो तिसऱ्या दिवशी मिळाला, पण तोवर त्यांनी सर्व्हरला हात लावला नाही. पुढच्या वर्षाचे भाडे मी त्याच आठवड्यात भरले.