‘सावरीची थंड गादी’ टेंपोतून विकायला आली तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, हुक्केरी ह्या भागातल्यांनी हे नीट वाचा आणि घरातल्यांना पण वाचून दाखवा, कारण ही माणसं बरोबर दुपारी येतात, गडीमाणसं कामावर किंवा रानात गेलेली असतात आणि घरात बायका आणि म्हातारी माणसंच असतात तेव्हा.

आमचं गाव निपाणीजवळ. बेळगाव शहर कसं अडीच हजार फुटांवर, तिथं उन्हाळ्यात पण रात्री उशिरा जरा गार वारं सुटतं, आमच्याकडं तसं नाही, आणि अथणी रायबागकडं तर विचारूच नका. स्लॅबचं घर असलं की दिवसभर तो तापतो आणि रात्रभर ती गरमी खाली सोडत राहतो, फॅन लावला तर वरची गरम हवाच अंगावर येते, त्यात करंट गेला की संपलंच. आम्ही बाकीचे गच्चीवर पाणी मारून चटई टाकून झोपतो पण आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गुडघ्यामुळं जिना चढवत नाही आणि खाली झोपलं तर उठवत नाही. त्यांना पलंगच लागतो, आणि पलंगावर फोमची गादी. फोममध्ये अंग रुततं, गादी चहूबाजूनं अंगाला चिकटते, हवा फिरायला जागाच राहत नाही, आणि झोप लागायच्या वेळी तर शरीराला आतली गरमी बाहेर टाकायची असते. मध्यरात्री उठून बसायच्या, पाठ भिजून चिंब, पदरानं वारा घेत बसायच्या. बघवत नव्हतं.

अशा दिवसांत तो टेंपो आला. स्पीकरवर मराठीत आणि कन्नडमध्ये चालू, अस्सल सावरीची (म्हणजे सावरीच्या झाडाच्या बोंडातल्या कापसाची) गादी, उन्हाळ्यात थंड, कंबरदुखीवर उत्तम वगैरे. दोघंजण होते, दोन्ही भाषा सफाईदार, बोलायला एकदम गोड. आत्ती दारातच बसल्या होत्या, त्यांना बघून एकजण म्हणाला, "तगोळ्री (घ्या) अक्का, आज्जीला गाढ झोप लागंल, नाही लागली तर पैसे परत." गादीच्या एका कोपऱ्याला वीतभर चेन होती, ती उघडून त्यानं आतला कापूस चिमटीत काढून दाखवला, रेशमासारखा चमकणारा, फुंकर मारली की उडणारा. मग माझ्याकडूनच तांब्याभर पाणी मागितलं आणि त्यात तो टाकला, बोटानं दाबला तरी वर येऊन तरंगायचा. म्हणाला साधा कापूस भिजून बुडतो, सावर बुडत नाही, बघा तुमच्याच तांब्यात दाखवतो.

आणि हे खरंच आहे. सावरीचा तंतू आतनं पोकळ असतो, त्यात हवा भरलेली असते आणि वरून मेणचट थर असतो म्हणून तो पाणी धरत नाही, पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटमध्ये हीच सावर भरायचे. त्या हवेमुळंच गादी हलकी आणि मोकळी राहते. म्हणजे परीक्षा बरोबर, कापूस पण अस्सल. म्हणून तर ही फसवणूक भयंकर आहे, जो माणूस चौकशी करतो, आत काय आहे दाखवा म्हणतो, त्यालाच बरोबर गाठायची ही युक्ती आहे.

किलोवर भाव होता, २८० रुपये. लटकणाऱ्या काट्यावर वजन केलं, १८ किलो भरली, घासाघीस करून ४,८०० ला दिली. पैसे क्यूआर स्कॅन करून घेतले. बिल मागितलं तर एक छापील कार्ड दिलं, त्यावर दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर, पत्ता म्हणून फक्त ‘बेळगाव’.

पहिल्याच रात्री आत्ती म्हणाल्या, "अगं ही तर फोमपेक्षा तापूलीय." नवीन आहे म्हणून असेल असं वाटलं. पण थोड्याच दिवसांत गादीत गोळे व्हायला लागले, मधे खड्डा, आणि अंगाची ऊब लागली की ऑइलसारखा एक वास यायचा. आत्तींना खोकला सुरू झाला. तेव्हा ह्यांनी गादी गाडीवर बांधून निपाणीत आमच्या ओळखीच्या जुन्या गादीवाल्या चाचांकडं नेली, मी पण गेले.

चाचांनी गादी नुसती हातानं उचलली आणि म्हणाले ही सावर नव्हे, एका माणसाच्या गादीला सावर भरली तर दहा किलोच्या आसपास होईल, अठरा किलो कुठनं भरंल. मग ब्लेडनं चेनच्या बाजूची शिवण न उसवता मधली उसवली. आतनं राखाडी भुसका बाहेर आला, त्यात निळे लाल धागे, जीन्सचे बारीक तुकडे, फोमचा चुरा, आणि एक शर्टाचं बटण, दोरा तसाच लोंबत असलेलं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या मशीनमध्ये फाडून हा माल तयार करतात. चेनच्या मागं एक छोटी कापडी पिशवी खोळीलाच आतनं शिवलेली होती, तिच्यात तेवढी खरी सावर गच्च भरलेली. अर्धा किलो पण नसेल. चेनमधनं हात घातला की हात त्या पिशवीतच जाणार, पलीकडं जाणारच नाही. इतक्या बारकाईनं शिवलं होतं ते.

चाचांनी त्या भुसक्याची चिमूट घेऊन काडी लावली. कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, बोटानं चुरली की पीठ होतं. हे वितळलं, काळा धूर आला, प्लास्टिक जळल्याचा वास, आणि थंड झाल्यावर मण्यासारखी कडक काळी गोळी राहिली, नखानं पण फुटेना. म्हणजे बराचसा पॉलिस्टर. कापूस हवेतली ओल सहज धरतो, वजनाच्या ८ टक्क्यांपर्यंत, पॉलिस्टर अर्धा टक्का पण धरत नाही. मग म्हातारीचा घाम जाणार कुठं, पाठीखालीच साचून राहतो. कुणाचे, कुठनं गोळा केलेले, न धुतलेले कपडे त्यावर माझी आत्ती तोंड टेकून झोपत होती ह्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे. ४,८०० कमी नाहीत, पण तो खोकला जायला खूप दिवस लागले.

कार्डावरचा नंबर बंद. क्यूआरवर आलेलं नाव आणि कार्डावरचं नाव वेगळं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली, पण विकणाऱ्याचं नाव पत्ता विचारला तेव्हा सांगायला काहीच नव्हतं. पेमेंटचा १२ अंकी यूटीआर नंबर तेवढा दिला, तोच पोलीस स्टेशनच्या अर्जात पण लिहिलाय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही, पण समोरचा कोण आणि कुठला हेच माहीत नसेल तर नोटीस पाठवणार कुणाला. असे लोक म्हणूनच दुकान घेत नाहीत, टेंपो घेतात.

तेव्हा घ्यायचीच असेल तर चेनमध्ये हात घालून बघू नका, ती चेन त्यासाठीच ठेवलेली असते. मधली शिवण चार बोटं उसवून दाखव म्हणा, परत शिवायला पाच मिनिटं लागत नाहीत. जो खरा आहे तो उसवतो. तिथला कापूस पाण्यात टाका, तिथलाच जाळून बघा. आणि गादी उचलून बघा, सावर म्हणून विकतोय आणि दोघांना उचलायला लागतेय तर तिथंच थांबा. सगळ्यात चांगलं म्हणजे गावातल्या माणसाकडं समोर बसून भरून घ्या, थोडे जास्त जातील पण उद्या त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. आत्तींसाठी आम्ही शेवटी तसंच केलं, चाचांकडं साध्या कापसाची पातळ गादी समोर पिंजून भरली, टाके जवळ जवळ घातले म्हणजे गोळे होत नाहीत, पलंगाची फळी काढून पट्ट्या विणून घेतल्या त्यामुळं खालून पण हवा लागते. आता रात्री एखाद्या वेळेस उठतात, पाणी पितात आणि परत झोपतात.

तो टेंपो आता संकेश्वरकडं फिरतोय असं ह्यांच्या मित्रानं सांगितलंय, स्पीकरवर तेच बोलणं. कुणाला दिसला तर भांडत बसू नका, पुढून मागून नंबर प्लेटचा फोटो काढा, जमलं तर गादीच्या चेनचा पण, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला द्या. आमच्या अर्जात गाडीचा नंबर तेवढाच राहिलाय.