बायोरूट आरसीएस आठ महिने वापरलं, एका एएच प्लसवाल्याचं मत

आधीच सांगतो, मी एएच प्लसवाला. रूट कॅनालमध्ये गुट्टा-पर्चाची (जीपी) रबरासारखी काडी भरताना ती आणि दाताची भिंत यांच्यातली फट बुजवायला सीलर लागतो, एएच प्लस आणि बायोरूट हे असे दोन सीलर. हात बसलाय तो त्या दोन पेस्टवर, पॅडवर सारख्या लांबीच्या दोन रेघा ओढायच्या आणि घोटायचं, वर्किंग टाईम ४ तास, त्यामुळे मध्येच पेशंटला ठसका लागला तरी जीव वरखाली होत नाही. आणि पुशआऊट टेस्टमध्ये (सीलर किती घट्ट चिकटलाय ते ढकलून मोजायचं) पण बहुतेक वेळा तोच वर येतो, कारण त्यातलं इपॉक्सी रेझिन डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरातल्या, कोलॅजनला धरतं. एमडीएसला (दातांच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असताना मी पण मुळाच्या १ मिलिमीटरच्या चकत्या कापत बसायचो, वरून बारीक प्लंजर टेकवायचा, आतला माल सुटला की मशीनवर आकडा. निम्म्या चकत्या कापतानाच फुटायच्या ते वेगळं.

मग बदललं कशाला? तर आधी एका प्रीमिक्स, म्हणजे आधीच कालवलेल्या, बायोसिरॅमिक सीलरची सिरिंज घेतलेली (कुठली ते नको), चार केस झाल्या आणि उरलेला माल नोझलमध्येच दगड. हवेतली ओल लागली असणार, ओलीवरच ते सेट होतं, पावसाळ्यात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं तिथे हे काय टिकणार. डीलर म्हणाला, डॉक्टर तुम्ही झाकण नीट लावलं नसेल. बरं.

बायोरूट पावडर-लिक्विड आहे म्हणून घेतलं, लागेल तेवढंच कालवायचं. एक चमचा पावडर, पाच थेंब लिक्विड, मिनिटभर घोटायचं, मग साधारण १० मिनिटं हातात. आत ट्रायकॅल्शियम सिलिकेट आहे, म्हणजे एमटीए या दातांच्या सिमेंटच्याच घराण्यातलं. पाणी मिळालं की कॅल्शियम हायड्रॉक्साईड सोडतं, पीएच ११ च्या वर जातो, आणि टिश्यू फ्लुइडमधलं फॉस्फेट भेटलं की पृष्ठभागावर अपेटाईट (हाडा-दातांतलं खनिज) धरतं. बायोअ‍ॅक्टिव्ह म्हणतात ते हे. इपॉक्सी एकदा सेट झालं की गप्प बसतं, चांगलं बसतं पण गप्प.

मला सगळ्यात जड गेलं ते कॅनाल सुकवणं. पेपर पॉईंट (कॅनाल टिपायची कागदी काडी) ठणठणीत कोरडा निघाल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही ना, इथे मात्र थोडी ओल लागतेच, तिच्यावरच तर हे सेट होतं, म्हणून आता पॉईंटचं टोक जरासं दमट आलं की थांबतो. ईडीटीए या सफाईच्या द्रावणानंतर सलाईनने भरपूर धुतो, नाहीतर ते कॅल्शियम ओढत बसतं. आणि गरम कॉम्पॅक्शन (जीपी गरम करून दाबणं) नाही, सिंगल कोन, म्हणजे जीपीची एकच काडी.

बाँडचा आकडा एएच प्लसपेक्षा कमी येतो, येऊ दे. साधा जीपी तसाही दोन्हीपैकी कशालाच खरा चिकटत नाही, नुसती डेंटिनची बाजू घट्ट असून किती फायदा? पेरिअ‍ॅपिकल लीजन (मुळाच्या टोकाभोवतीची इजा) आहे, अपेक्स, म्हणजे मुळाचं टोक, जरा रुंद आहे, पूर्ण कोरडं होतच नाही, अशा केसला मी हेच काढतो. फायबर पोस्ट (दाताला आतून आधार देणारी काडी) पण बिनधास्त, तिच्या रेझिन सिमेंटला त्रास देणाऱ्या युजेनॉलची (लवंगतेलातल्या घटकाची) भानगडच नाही.

एक्सरेत एएच प्लसपेक्षा फिकं दिसतं, आयएसओ मानकाला ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमइतकं पुरतं आणि हे त्यात बसतं, पण पहिल्या केसला मी भरलंय की नाही म्हणून दोनदा फिल्म काढली. अजून एक, सेट झालं की सॉल्व्हंटला हे दाद देत नाही, म्हणून जीपी पूर्ण लांबीपर्यंत गेलाच पाहिजे, म्हणजे उद्या परत उघडायची वेळ आली तर त्याच्या वाटेने खाली उतरता येतं. बाहेरून आलेल्या एका अप्पर मोलरमध्ये जीपी आखूड आणि खाली नुसता सिलिकेट सीलर, पॅटन्सी मिळवताना, म्हणजे टोकापर्यंत वाट मोकळी करताना, दीड तास गेला माझा.

एएच प्लस अजून ड्रॉवरमध्ये आहेच. असिस्टंट मात्र बायोरूटवर नाराज, स्पॅच्युला संध्याकाळपर्यंत तसाच राहिला की ब्लेडने खरवडत बसते बिचारी.