कोर्सची फी म्हणून भरत होते, ते माझ्या नावावरचं कर्ज निघालं

बीकॉम झाल्यावर साताऱ्यात मिळत होत्या त्या नोकऱ्या आठ-दहा हजाराच्या, म्हणून ठरवलं की व्हिडिओ एडिटिंग शिकायचं आणि घरूनच कामं घ्यायची. इन्स्टावर जाहिरात दिसली, 99 रुपयांत वेबिनार. रविवारी अडीच तास सर बोलले, त्यात एडिटिंग फार तर वीस मिनिटं, बाकी सगळे मुलांच्या कमाईचे स्क्रीनशॉट. शेवटी म्हणाले फी 60 हजार, पण आज रात्री बाराच्या आत नाव घातलं तर महिना 5 हजार, व्याज शून्य, आणि 90 दिवसांत पहिला क्लायंट नाही मिळाला तर सगळे पैसे परत.

लगेच काउन्सेलर मॅडमचा फोन. पॅन, आधार, सेल्फी, बँक डिटेल सगळं घेतलं, आणि म्हणाल्या ओटीपी येतील ते सांगत जा, ॲडमिशनचे आहेत. मी सांगत गेले. त्यातल्या एका ओटीपीने मी कर्जाच्या करारावर सही केली होती आणि दुसऱ्याने खात्यातून दर महिन्याला हप्ता कापायची परवानगी दिली होती, हे मला चार महिन्यांनी कळलं. मेलवर करार आला होता, इंग्रजीत, भरपूर पानं, मी उघडलाच नाही.

लाइव्ह क्लास सांगितलेले, मिळाले रेकॉर्डेड व्हिडिओ. शंका विचारायच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता यायचं. 80व्या दिवशी त्यांनीच एक "क्लायंट" दिला, मी रात्र जागून त्याच्या 3 रील्स करून दिल्या, त्याने 500 रुपये कबूल केले ते दिलेच नाहीत, आणि मी रिफंड मागितला तर उत्तर आलं की क्लायंट मिळालाय ना, गॅरंटी संपली! खूप रडले त्या दिवशी.

पुढे महिनाभरात फोन बंद, ग्रुप बंद. मला वाटलं क्लास नाही तर हप्ता पण नाही, म्हणून खात्यातले पैसे काढून घेतले. मग बँकेचा बाउन्स चार्ज, वसुलीवाल्यांचे फोन, पप्पांना सुद्धा. सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला तेव्हा दिसलं, एका फायनान्स कंपनीचं 60 हजारांचं कर्ज. कंपनीने कोर्सवाल्यांना पैसे सुरुवातीलाच देऊन टाकले होते, मग पुढे आम्हाला शिकवायची त्यांना गरजच काय राहिली?

रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे की असं ऑनलाइन कर्ज देताना एकूण खर्चाचा कागद आधी दाखवायचा आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न लावता कर्ज रद्द करायची मुभा द्यायची. मला हे कोणी सांगितलं नाही. आता फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार केलीये, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि कोर्सवाल्यांविरुद्ध 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये. तोपर्यंत सिबिल अजून खराब नको म्हणून हप्ते भरतेय.

एडिटिंग मी खरं शिकले ते गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफर दादांकडे, दाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या व्हर्जनवर. दोन महिने त्यांच्या शेजारी बसून कटिंग बघितलं, आता ते हळदीचे छोटे व्हिडिओ मला देतात आणि पैसे त्याच आठवड्यात देतात.

तुमचाही असा हप्ता चालू असेल तर आज बँकेच्या ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघा पैसे कोणाला जातायत. तिथे कोर्सच्या ऐवजी भलत्याच कंपनीचं नाव असेल तर मेलमधला तो करार आजच शोधून वाचा.