जॉर्जिया की ओक्लाहोमा? सरकारी बालवाडीच्या दोन तऱ्हा

अमेरिकेत चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडी देणारी ही दोन जुनी राज्यं. दोन्हीकडे १ सप्टेंबरला मूल चार वर्षांचं पूर्ण हवं. पालकांचं उत्पन्न आड येत नाही.

फरक आहे तो पैशात. जॉर्जियाची बालवाडी लॉटरीच्या तिकिटांवर चालते! १९९५पासून ती सर्वांसाठी खुली आहे. सरकारी शाळांबरोबर खासगी केंद्रांनाही अनुदान मिळतं, त्यामुळे घराजवळचं पाळणाघरसुद्धा सरकारी वर्ग चालवू शकतं. वर्ग साडेसहा तास, वर्षाला १८० दिवस. नोकरीवाल्या आईबापांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण पुढच्या तासांचे पैसे खिशातून. शिवाय जागा मोजक्या. नंबर लागला नाही तर प्रतीक्षायादी.

ओक्लाहोमाने १९९८मध्ये बालवाडी थेट शालेय अनुदानाच्या सूत्रातच बसवली. शिक्षिका पदवीधर आणि बालशिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलेली. पगार पहिली-दुसरीच्या बाईंइतकाच. वर्गात वीसच मुलं, दहांमागे एक मोठं माणूस. मात्र काही ठिकाणी वर्ग अर्धाच दिवस, अडीच तासांचा. डबा उघडून खाईपर्यंत घरी जायची वेळ!

घराजवळची सोय हवी असेल तर जॉर्जिया बरी. पण बाईंना योग्य पगार देणारी ओक्लाहोमाची रीत मला जास्त पटते.